बायपासनंतरही छातीत दुखतंय, स्टेंटला जागा नाही. हृदयाच्या शिरेत जाळी बसवायची का?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. बायपास होऊन बरीच वर्षं झाली. मधली वर्षं चांगली गेली, डवरणी असो की वेचणी, मामाजी स्वतः वावरात उभे असायचे. गेल्या पोळ्यापासून छातीत दुखणं परत सुरू झालं. आता आंघोळीला बसले तरी छाती आवळून येते, दुखणं डाव्या हातात आणि जबड्यात उतरतं. जेवण झाल्यावर उठून चाललं की हमखास. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवली की काही मिनिटांत थांबतं, पण दिवसातून तीन-चारदा ठेवावी लागते.

नागपूरला पुन्हा अँजिओग्राफी केली. बायपासच्या दोन नळ्या बंद आहेत आणि मूळच्या रक्तवाहिन्या लांबच्या लांब बारीक झाल्या आहेत. स्टेंट टाकायला जागा नाही, दुसरी बायपास झेपणार नाही, असं सांगितलं. औषधं वाढवली, फरक थोडाच पडला. मग तिथले डॉक्टर म्हणाले की दोन प्रकारची यंत्रं असतात. एकात पाठीच्या कण्याजवळ तार आणि कातडीखाली बॅटरी. दुसऱ्यात मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत जाऊन एक जाळी बसवतात. खर्च मोठा आहे, घरी बोलून सांगा म्हणाले.

घरी बोलणं सुरू झालं ते थेट वावरावर आलं. भासरे (मोठे दीर) दोन एकर विकायला तयार आहेत. मामाजी ऐकायला तयार नाहीत, "माह्यासाठी वावर इकू नका" एवढंच म्हणतात. मला आधी हे समजून घ्यायचं आहे की ही यंत्रं करतात काय, त्यानं आयुष्य वाढतं का, आणि आमच्यासारख्या घरानं एवढं पाऊल उचलावं का. कोणाच्या घरी हे झालं असेल तर कृपया लिहा.

सेलू_रोड

ताई, मी वर्ध्याकडे हृदयरोग विभागात काम करतो. पेशंटला तपासल्याशिवाय सल्ला देता येत नाही, तरी नागपूरला जाण्याआधी तुमच्या हाती काय असावं ते लिहितो.

हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय हे तपासणीत दिसतं, औषधं पूर्ण मात्रेत चालू आहेत, स्टेंट आणि बायपास दोन्ही शक्य नाहीत, आणि तरी तीन महिन्यांहून जास्त काळ दुखतंय, अशा दुखण्याला रिफ्रॅक्टरी अँजायना म्हणतात. यंत्राचा विचार तिथून सुरू होतो. माझा अनुभव असा की यातली एखादी अट बऱ्याचदा कागदावरच पुरी झालेली असते.

आधी साधं रक्त तपासा. हिमोग्लोबिन ८ वर आलेलं असेल तर रक्तवाहिनी कितीही उघडी असो, स्नायूला प्राणवायू कमीच पडणार. आपल्या भागात, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीकडे, सिकलसेल आहे, त्यामुळे ही तपासणी टाळू नये. थायरॉईड वाढलेलं असेल तर हृदय जास्त धावतं आणि दुखतं. महाधमनीची झडप अरुंद झाली असेल तरी असंच दुखतं, ती सोनोग्राफीत, म्हणजे इकोत, दिसते. रक्तदाब आवाक्यात आहे का तेही बघा.

दुसरं, पूर्ण बंद पडलेली वाहिनीसुद्धा अनुभवी हातांना कधी कधी उघडता येते. ते काम सगळेच करत नाहीत. म्हणून "स्टेंटला जागा नाही" हे वाक्य दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं.

आयुष्य वाढतं का, याचं उत्तर स्पष्टच देतो. तसा पुरावा नाही. दोन्ही यंत्रं दुखणं कमी करायला आहेत, पुढचा झटका टाळायला नाहीत. दुखणं कमी होणं ही लहान गोष्ट नव्हे, ज्याला आंघोळ करता येत नाही त्याला विचारा. पण वावर विकायला निघालेल्या भासऱ्यांच्या मनात दुसरंच काही असेल, तर ते आधी बोलून मोकळं करा.

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

सर, मनापासून धन्यवाद. तुम्ही म्हणता ते खरं आहे, भासऱ्यांना वाटतं की हे बसवलं की बाबांना पुन्हा अटॅक येणार नाही. तसं कोणी सांगितलेलं नाही, पण एवढा खर्च म्हटल्यावर त्यांनी तसं धरून घेतलं.

चालू औषधं: मेटोप्रोलॉल, मोनोनायट्रेट १-०-१, रॅनोलॅझिन, निकोरँडिल, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोर्वास्टॅटिन. हिमोग्लोबिन ११ आहे. शिवाय तोंडात मोठे फोड आलेत, भाकर खाता येत नाही. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाण्यामुळे असेल असं गावात सांगितलं, पण त्यांनी खर्रा सोडून बरेच महिने झाले.

सेलू_रोड

यातल्या दोन गोष्टी पुढच्या भेटीत नक्की काढा. स्वतःहून काहीही बंद करू नका. मेटोप्रोलॉल तर अचानक कधीच तोडायची नाही, दुखणं उसळतं.

पहिली, मोनोनायट्रेट. शरीराला नायट्रेटची सवय होते. रोज दहा-बारा तास रक्त त्यापासून मोकळं राहिलं नाही तर गोळी पोटात जाते आणि काम करत नाही. साधी गोळी दोन वेळची असेल तर सकाळी आठ आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास देतात, रात्र मोकळी सोडतात. चिठ्ठीवर १-०-१ असलं की घरोघरी सकाळ आणि रात्र असंच घेतलं जातं. दिवसातून एकदाची लांब पल्ल्याची गोळी असेल तर हिशोब वेगळा. पाकिटावरचं पूर्ण नाव डॉक्टरांना दाखवा.

दुसरी, निकोरँडिल. या औषधानं तोंडात खोल, दुखरे, महिनोन्महिने न भरणारे फोड येतात. विदर्भात तोंडात फोड म्हटलं की सगळ्यांचा संशय खर्ऱ्यावर जातो, आणि तो संशय रास्त आहे. म्हणून तोंडाची तपासणी करून घ्याच. पण ज्यानं खर्रा सोडलाय आणि निकोरँडिल चालू आहे, त्याच्या बाबतीत औषधाचा विचार झालाच पाहिजे. हे फोड मलमानं जात नाहीत, औषध थांबवल्यावर हळूहळू भरतात.

आर्वीची_लेक (सध्या मँचेस्टर)

मी इथे कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंटची कामं होतात त्या विभागात, नर्स आहे, माहेर आर्वीचं. जाळीबद्दल मी सांगते, कारण ती बसवताना मी टेबलाजवळ उभी असते.

तिचं नाव कोरोनरी सायनस रिड्यूसर. स्टीलच्या तारेची जाळी, दोन्ही टोकांना रुंद आणि मधे निमुळती, मधलं भोक साधारण ३ मिलिमीटरचं. हृदयाच्या स्नायूतून वापरून झालेलं रक्त ज्या मोठ्या शिरेतून परत येतं तिला कोरोनरी सायनस म्हणतात. मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेतून नळी घालून ही जाळी तिथे फुग्यानं फुगवून बसवतात. जागा बधिर करून होतं, छाती उघडावी लागत नाही, बहुतेक पेशंट दुसऱ्या दिवशी घरी जातात.

बसवल्याबरोबर काही होत नाही, हे घरच्यांना आधीच सांगावं लागतं. जाळीवर शरीराचं आवरण चढायला चार ते सहा आठवडे लागतात. तेव्हा शीर खऱ्या अर्थानं अरुंद होते, मागचा दाब वाढतो, आणि जिथे रक्त पोचत नव्हतं त्या आतल्या थराकडे ते वळतं, अशी त्यामागची कल्पना. पहिला महिना तसाच गेला की पेशंट खचतात. मी त्यांना कॅलेंडरवर खूण करायला लावते.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत क्लॉड बेक नावाच्या सर्जननं १९४०-५० च्या काळात हीच शीर शस्त्रक्रियेनं अरुंद करून पाहिली होती. बायपास आल्यावर ते मागे पडलं.

धुऱ्यावरचा

बाई, तुमी लिहिलं ते मी दोनदा वाचलं. म्हंजे पाटाच्या खालच्या अंगाले अर्धी आड लावली का पानी मांगं फुगते अन् वरच्या उंच सऱ्याइले भेटते, तसंच ना? सारी आड लावली तं पाट फुटते, म्हनून अर्धीच. असं असन तं मले समजलं. पन मंग एक सांगा, ज्या सरीचं तोंडच दुसऱ्या पाटात हाय तिले याचा काय उपयोग?

आर्वीची_लेक (सध्या मँचेस्टर)

दादा, अगदी तसंच, आणि तुमचा प्रश्न नेमका जिथे डॉक्टर अडतात तिथलाच आहे. हृदयाच्या डाव्या बाजूचं रक्त बहुतेक या शिरेतून परत येतं, उजव्या रक्तवाहिनीच्या भागातलं बरंचसं इतर वाटांनी. म्हणून ज्यांना डाव्या रक्तवाहिनीच्या भागात रक्त कमी पडतंय त्यांनाच याचा फायदा अपेक्षित असतो. पऱ्हाटी ताईंनी हे विचारलंच पाहिजे की मामाजींच्या हृदयाचा कुठला भाग उपाशी आहे. त्यासाठी ताण देऊन केलेला एमआरआय किंवा न्यूक्लिअर स्कॅन लागतो, नुसत्या अँजिओग्राफीवर ठरत नाही.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातला दाब आधीच १५ च्या वर असेल तर ही जाळी बसवत नाहीत. आणि पुढे कधी हृदय कमजोर होऊन तीन तारांचा पेसमेकर लागला, तर त्याची एक तार याच शिरेतून जाते. जाळी बसल्यावर ती वाट अवघड होते. मामाजींचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं, ते किती आहे?

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

इकोत ४५ टक्के लिहिलं आहे.

कास्तकार_पोरगा

मला एक विचारायचं आहे. हे इतकं चांगलं असेल तर सगळीकडे का होत नाही? आमच्या काकांना एका खाजगी दवाखान्यात असंच नवीन यंत्र म्हणून काहीतरी सांगितलं होतं, पैसे भरून घेतले, काका तसेच राहिले. शेतकऱ्याच्या घरात एकदा वावर गेलं की परत येत नाही. मला कोणी आकडे सांगा, नुसतं "फायदा होतो" नको.

आर्वीची_लेक (सध्या मँचेस्टर)

योग्य विचारलंत.

२०१५ साली कोसिरा नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १०४ पेशंट. अर्ध्यांना जाळी बसवली, अर्ध्यांना टेबलावर घेऊन बसवल्यासारखं केलं पण बसवली नाही, आणि कोणाला काय झालं ते पेशंटला कळू दिलं नाही. अँजायनाच्या चार पायऱ्या असतात. चौथी म्हणजे अंगावर कपडे चढवतानाही दुखणं. सहा महिन्यांनी दोन किंवा जास्त पायऱ्यांनी सुधारलेले जाळीवाल्यांत ३५ टक्के होते, न बसवलेल्यांत १५ टक्के. एका तरी पायरीनं सुधारलेले ७१ टक्के विरुद्ध ४२ टक्के.

आता दुसरी बाजू. न बसवताही ४२ टक्के लोकांना बरं वाटलं. छातीचं दुखणं असंच असतं, कोणी नीट लक्ष दिलं, औषध नीट बसलं, भीती कमी झाली की उतरतं. म्हणून शेजारच्याला फरक पडला या एका गोष्टीवर मी कधीच भरवसा ठेवत नाही.

२०२४ मध्ये इंग्लंडातला ऑर्बिटा-कॉस्मिक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तोही लहान, पन्नासच्या आसपास पेशंटचा. पेशंट रोज मोबाइलवर दुखण्याची नोंद करायचे. जाळीवाल्यांचे दुखण्याचे प्रसंग कमी झाले. पण हृदयाच्या कमी रक्ताच्या भागात रक्तपुरवठा वाढला का, हे एमआरआयवर पाहिलं तर ठरवलेल्या मापात तो वाढलेला दिसला नाही. म्हणजे पेशंटला आराम आहे, पण तो नेमका का मिळतो यावर वाद अजून चालू आहे.

युरोपात २०११ पासून याला परवानगी आहे, पण तिथल्या मार्गदर्शक तत्त्वांतही "विचार करता येईल" इतक्याच वजनानं शिफारस आहे. अमेरिकेत २०२० मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं आणखी पुरावा मागितला आणि त्यासाठी मोठा अभ्यास हाती घेतला गेला. मी स्वतः पाहिलंय, काही पेशंट परत बागकामाला लागले आणि काहींना काडीचाही फरक पडला नाही. दोन्ही तितकंच खरं आहे.

कास्तकार_पोरगा

धन्यवाद ताई. असं कोणी काकांच्या वेळी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मोर्शीकर

कण्याजवळच्या तारेचा अनुभव माझ्या वडिलांचा आहे. पुण्यात भावाकडे असताना बसवली. पाठीच्या वरच्या भागात, मज्जारज्जूच्या बाहेरच्या पोकळीत सुईनं तार सोडतात आणि पोटाच्या किंवा कमरेच्या कातडीखाली बॅटरीचा डबा. चालू केलं की छातीत जिथे दुखायचं तिथे मुंग्या येतात आणि दुखणं दबतं. वडिलांकडे छोटा रिमोट होता. दुखायला लागलं की ते वाढवायचे.

आमची मोठी भीती होती की दुखणं दाबलं तर खरा अटॅक आलेला कळणार नाही. आम्ही हे खोदून विचारलं. अँजायनासाठी हे १९८० च्या दशकापासून वापरात आहे आणि अभ्यासांत झटक्याचं दुखणं झाकलं जाताना दिसलेलं नाही.

त्रास कुठे झाला ते सांगतो. तार बसवताना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात, नाही तर कण्यात रक्तस्राव होऊ शकतो. ज्याला नुकताच स्टेंट बसलाय त्याच्यासाठी या गोळ्या थांबवणं धोक्याचं, त्यामुळे दोन विभागांच्या डॉक्टरांत बरीच चर्चा झाली. नंतर एकदा तार जागची सरकली, पुन्हा बसवावी लागली. एमआरआय करायचा झाला की प्रत्येक ठिकाणी कार्ड दाखवून परवानगी. आणि मोर्शीला परत आल्यावर रिमोटचं सेटिंग बदलायचं तर जवळ कोणी नाही. खेड्यात राहणाऱ्यानं हे शेवटचं आधी विचारात घ्यावं. यंत्र बसवणं एका दिवसाचं काम आहे, ते सांभाळणं वर्षानुवर्षांचं.

तरीही सांगतो, वडील शेवटची काही वर्षं नातवाला शाळेत सोडायला चालत गेले. आम्हाला पश्चात्ताप नाही.

सेलू_रोड

मोर्शीकरांनी फार मोलाचं लिहिलं. तिसरा एक मार्ग आहे ज्यात शरीरात काहीच बसवत नाहीत, तो राहून गेला. ईईसीपी. पोटऱ्या, मांड्या आणि कुल्ल्यांभोवती पट्टे बांधतात, हृदयाच्या ठोक्याच्या तालावर ते हवेनं फुगतात आणि सुटतात. आठवड्यातले पाच दिवस रोज एक तास, एकूण ३५ तास, साधारण सात आठवडे. १९९९ च्या अभ्यासात, १३९ पेशंट होते, दुखण्याचे प्रसंग कमी झालेले दिसले. पायाच्या शिरेत गाठ असेल किंवा महाधमनीची झडप जास्त गळत असेल तर करत नाहीत.

अडचण उपचारात नाही, सात आठवडे शहरात राहण्यात आहे. सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत सोबत कोण राहणार? म्हणून कामाचे दिवस सरल्यावर, उलंगवाडी झाल्यावर करा, असं मी सांगतो. पण मग मार्च-एप्रिलचं ऊन येतं. एसटीनं रोज जा-ये करून हे होत नाही, मुक्कामाची सोय बघूनच सुरू करा.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. सॉर्बिट्रेट बसूनच घ्यायची. रक्तदाब उतरतो, उन्हात घाम जाऊन तो आधीच कमी असतो, उभ्यानं घेतली तर माणूस कोसळतो. कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात नको, घामानं गोळी विरघळते. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर दुसरी गोळी आणि त्याच वेळी १०८. नेहमीपेक्षा वेगळं दुखत असेल, घाम फुटला असेल, तर गोळीचीही वाट पाहू नका.

सावित्रीची_नात

मी ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. पैशाचं लिहिते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण योजना चालते ती ठरलेल्या उपचारांच्या यादीवर. स्टेंट, बायपास, पेसमेकर यादीत आहेत म्हणून हृदयाचं कुठलंही यंत्र आपोआप योजनेत येत नाही. तुम्हाला सुचवलेलं यंत्र यादीत आहे का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) यंत्राचं नाव घेऊन विचारा आणि उत्तर लिहून घ्या. पैसे भरण्याच्या आधी.

धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा, भरती झाल्यावर धावाधाव होते. तिथेही यंत्राची किंमत वेगळी धरतात का हे विचारा. बिलात सगळ्यात जड तेच असतं.

आणि ताई, वावर विकण्याचा निर्णय दवाखान्याच्या बाकावर बसून घेऊ नका. मी घरं पाहिली आहेत जिथे बाप बरा झाला पण आपल्यामुळे पोरांचं वावर गेलं म्हणून बोलेनासा झाला. मामाजी नाही म्हणतात तर त्यांना अडाणी समजू नका. दुखतंय त्यांना, आणि वावरही त्यांचंच आहे.

पऱ्हाटी (दारव्हा तालुका)

सगळ्यांचे प्रतिसाद मी मामाजींना आणि भासऱ्यांना समोर बसवून वाचून दाखवले. धुऱ्यावरच्या दादांचं पाटाचं वाचलं तेव्हा मामाजींनी परत वाचायला लावलं.

नागपूरला जाऊन आलो. डॉक्टरांनी निकोरँडिल बंद केली, मोनोनायट्रेट सकाळी आणि दुपारी केली, मेटोप्रोलॉल थोडी वाढवली. तोंडाची तपासणी झाली, फोडाचा तुकडा काढून पाठवला होता, तो रिपोर्ट साधा आला. आता मऊ भाकर दुधात कुस्करून खातात. छातीत अजून दुखतं, आंघोळीच्या वेळी कमी, जेवणानंतर तसंच. ताण देऊन करायचा एमआरआय ठरला आहे. डाव्या भागात रक्त कमी पडतंय असं दिसलं तरच जाळीबद्दल बोलू, असं डॉक्टर स्वतःच म्हणाले. तारेला मामाजी तयार नाहीत, आणि दर वेळी रिमोटसाठी धावायला आमच्याकडेही कोणी नाही.

भासऱ्यांना आता कळलं आहे की कुठलंही यंत्र अटॅक थांबवणार नाही. ते दोन दिवस गप्प होते. वावराचा विषय एमआरआय होईपर्यंत बाजूला ठेवला आहे.

मामाजींचा एक प्रश्न आहे. रानडुकरांसाठी आमच्या वावराच्या तारेच्या कुंपणाला झटका मशीन (विजेचा झटका देणारं) लावलं आहे. जाळी बसवली तर त्या कुंपणाच्या तारेजवळ जाता येईल का?

आर्वीची_लेक (सध्या मँचेस्टर)

जाळीत बॅटरी नाही, वीज नाही, त्यामुळे झटका मशीननं जाळीला काही होत नाही. कण्याजवळच्या यंत्राला आणि पेसमेकरला मात्र त्या तारेपासून लांबच ठेवायचं. पण ज्याच्या हृदयाला आधीच रक्त कमी पडतंय त्यानं चालू तारेला हात लावायचा नाही, जाळी असो वा नसो. मशीन बंद करूनच फाटक उघडायचं.

सेलू_रोड

एमआरआयला जाताना अँजिओग्राफीची सीडी सोबत न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. दवाखान्यात मागितली की देतात. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर त्यांना कागदावरचं मत नाही, वाहिन्या डोळ्यांनी बघायच्या असतात. आणि एमआरआयच्या आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून ठेवा, रिपोर्टची तारीख जुनी असली की परत पाठवतात.